डोमेनचा सातबारा कोणत्या देशात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवा व्यवसाय असो, दिवाळी अंकाची डिजिटल आवृत्ती असो की शाळेचा माजी विद्यार्थी संघ, आज पहिली खरेदी डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची होते. नाव छोटे असावे, फोनवर सांगताना स्पेलिंग फोडून सांगावे लागू नये, कॉम मिळाले नाही तर आयओ, एआय, को, मी यांतले जे देखणे आणि परवडणारे असेल ते घ्यावे, एवढा सल्ला कोणीही देतो. पण शेवटच्या ठिपक्यापुढची ती दोन-तीन अक्षरे घेताना आपण एका देशाचा कायदा आणि एका गावचे कोर्टही पदरात घेत असतो, हे घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते आणि विकणारा सांगत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलेले.

आधी कोण कोण आहे ते पाहू. नाव घेणारे आपण. ज्याच्याकडे पैसे भरतो तो रजिस्ट्रार, म्हणजे परवानाधारक विक्रेता. त्याच्या वर रजिस्ट्री, म्हणजे त्या आडनावाची (शेवटच्या ठिपक्यापुढच्या अक्षरांना मी आडनाव म्हणतो) मूळ वही सांभाळणारी संस्था. जमिनीच्या भाषेत, रजिस्ट्रार हा अर्ज भरून देणारा दलाल आणि रजिस्ट्री हे तलाठ्याचे दप्तर. आपला मजकूर ज्या सर्व्हरवर असतो ते होस्टिंग या दोघांपेक्षा वेगळे. ‘आमचा सर्व्हर मुंबईत, ऑफिस नाशकात, गिऱ्हाईक सगळे महाराष्ट्रातले, मग परदेशी कोर्टाचा संबंध काय?’ हा प्रश्न वारंवार येतो, आणि त्यातली चूक इथेच आहे. दुकान नाशकात असेल. पण दुकानाचा पत्ता ज्या वहीत लिहिला आहे ती वही दुसरीकडे आहे. त्या वहीतली ओळ खोडली की सर्व्हर चालू राहतो, विजेचे बिल येत राहते आणि दुकान मात्र कोणाला सापडत नाही.

कॉम आणि नेट या दोन्ही वह्या अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रेस्टन या गावी, व्हेरिसाइन कंपनीकडे आहेत. ऑर्गची वही सांभाळणारी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीसुद्धा रेस्टनचीच. अमेरिकेने १९९९ मध्ये सायबरस्क्वॉटिंगविरोधी, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचे डोमेन बळकावण्याविरुद्धचा कायदा केला. त्यात एक खास सोय आहे: डोमेनचा मालक अमेरिकी कोर्टाच्या हद्दीत येत नसेल किंवा सापडत नसेल, तर ट्रेडमार्कवाल्याने माणसावर दावा न लावता थेट डोमेनवर लावावा. नाव हीच मालमत्ता आणि ती व्हर्जिनियात, म्हणून दावाही व्हर्जिनियात. अशा खटल्यांची शीर्षके वाचायलाही गमतीची असतात, कारण प्रतिवादी म्हणून माणसाऐवजी वेब-पत्ता उभा असतो.

लंडनचे हॅरॉड्स आणि अर्जेंटिनातले हॅरॉड्स ब्युनोस आयर्स यांचे भांडण याच रस्त्याने गेले. एक पक्ष ब्रिटिश, दुसरा अर्जेंटिनाचा. पण साठ डोमेन्सची नोंद व्हर्जिनियात, म्हणून ‘हॅरॉड्स विरुद्ध साठ इंटरनेट डोमेन नावे’ या खटल्याचा २००२ सालचा अपिलातला निकाल अमेरिकेत लागला. याहून बोलके प्रकरण ग्लोबल सांताफे या तेलविहीर खोदणाऱ्या कंपनीचे. तिच्या नावाचे कॉम डोमेन एका कोरियन माणसाने कोरियन रजिस्ट्रारकडे नोंदवले. अमेरिकी कोर्टाने नाव हस्तांतरित करायला सांगितले, तेव्हा त्याने सेऊलच्या कोर्टातून मनाई आणली आणि रजिस्ट्रारने हात वर केले. मग २००३ मध्ये व्हर्जिनियाच्या कोर्टाने रजिस्ट्रारला बाजूला ठेवून व्हेरिसाइनलाच वहीतली नोंद रद्द करायला सांगितली. रजिस्ट्रार कोरियात असो की कांदिवलीत, आडनाव कॉम असेल तर वहीवरचा शेवटचा हात व्हर्जिनियाचा, हे तिथे पक्के झाले.

हे दिवाणी झाले. फौजदारी बाजूला हात आणखी झटपट चालतो. रोहादिरेक्ता हे खेळांच्या थेट प्रक्षेपणाचे दुवे देणारे स्पॅनिश संकेतस्थळ स्पेनच्या कोर्टांनी दोनदा कायदेशीर ठरवले होते. तरी २०११ च्या सुरुवातीला अमेरिकी यंत्रणांनी त्याची कॉम आणि ऑर्ग ही दोन्ही नावे जप्त केली. ती परत मिळाली ऑगस्ट २०१२ मध्ये, सरकारने प्रकरण सोडून दिले तेव्हा. दीड वर्षाहून जास्त काळ नाव गेले, आणि ज्या देशात ते चालत होते तिथला निकाल खिशात असून उपयोग झाला नाही. बोडॉग या सट्टेबाजीच्या कंपनीने कॉम नाव मुद्दाम कॅनडाच्या रजिस्ट्रारकडे ठेवले होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते व्हेरिसाइनकडूनच उचलले गेले. केंटकी राज्याच्या एका कोर्टाने तर २००८ मध्ये जगभरातल्या जुगाराच्या १४१ डोमेन्सवर एकाच वेळी जप्तीचा आदेश काढला होता. पुढे तो प्रकार अपिलांच्या भोवऱ्यात अडकला, ही वेगळी गोष्ट.

सट्टा आणि चोरटे प्रक्षेपण ऐकून ‘ते आपले काम नाही’ म्हणाल, तर क्युबाचे उदाहरण पाहा. स्पेनमध्ये राहणारा एक ब्रिटिश पर्यटन व्यावसायिक युरोपातल्या लोकांना क्युबाच्या सहली विकत होता. सर्व्हर बहामात. त्याच्या देशात हा धंदा पूर्ण कायदेशीर. पण त्याची ऐंशीच्या आसपास नावे अमेरिकी रजिस्ट्रारकडे होती आणि त्याचे नाव अमेरिकी अर्थखात्याच्या निर्बंधांच्या यादीत. ऑक्टोबर २००७ मध्ये सगळी नावे बंद झाली. इथे वहीपर्यंतही जावे लागले नाही, दलालानेच दार लावले. इराण, क्युबा, रशियाशी व्यवहार करणाऱ्या निर्यातदारांनी हे लक्षात ठेवावे; द्राक्षे आणि औषधे विकणाऱ्यांनीसुद्धा.

याचा अर्थ कॉम घेऊ नका असा नाही. व्हर्जिनियातले कोर्ट दूरचे आणि महागडे आहे, पण ते कोर्ट आहे. कायदा छापलेला आहे, नोटीस येते, म्हणणे मांडता येते, निकाल वाचायला मिळतो. सर्वसाधारण मराठी व्यवसायाला तिथला खरा धोका एकच: अमेरिकेतल्या एखाद्या ट्रेडमार्कशी नाव जुळणे आणि नोटीस आपल्यापर्यंत न पोचणे. ती नोटीस नोंदणीत दिलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर येते. तिथे सहा वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा ईमेल असेल, तर निकाल एकतर्फी लागतो आणि आपल्याला कळते ते गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर.

खरी काळजी देशांच्या आडनावांची. दोन अक्षरी प्रत्येक आडनाव कोणत्या तरी देशाचे किंवा प्रदेशाचे असते. टीव्ही म्हणजे टुवालू, मी म्हणजे मॉन्टेनेग्रो, को म्हणजे कोलंबिया, एआय म्हणजे अँग्विला हे कॅरिबियन बेट, एलवाय म्हणजे लिबिया. आपल्याला ती इंग्रजी शब्दासारखी वाटतात. ज्यांची ती आहेत त्यांच्यासाठी तो राष्ट्राचा विषय असतो. नियम त्यांचे, भाव त्यांचा आणि नैतिकताही त्यांचीच.

लिबियाने २०१० मध्ये व्हीबी डॉट एलवाय ही दुवे छोटे करून देणारी सेवा बंद केली. कारण दिले, ती लिबियाच्या कायद्याशी आणि शरियतशी विसंगत आहे. पानावर हातात बाटली घेतलेल्या, उघड्या दंडांच्या बाईचा फोटो होता. सेवा चालवणारे लिबियात नव्हते, वापरणारेही नव्हते. पाठोपाठ तीन किंवा कमी अक्षरांची नावे फक्त लिबियातल्या लोकांसाठी राखली गेली. अफगाणिस्तानच्या एएफ या आडनावावर क्विअर डॉट एएफ नावाचा एक समाजमाध्यमी कट्टा चालत होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातल्या रजिस्ट्रीने तो निलंबित केला. नाव घेतले तेव्हा काबूलमध्ये दुसरे सरकार असेल, तरी नूतनीकरण वेळोवेळी करावे लागते आणि सरकार मधल्या काळात बदलू शकते.

फुकटची आडनावे हा आणखी मोठा सापळा ठरला. टीके, एमएल, जीए, सीएफ, जीक्यू ही पाच आडनावे फ्रीनॉम नावाची कंपनी बिनपैशात वाटायची. विद्यार्थी, हौशी लेखक, छोटी मंडळे यांनी ती भरभरून घेतली. मार्च २०२३ मध्ये मेटा कंपनीने फ्रीनॉमवर दावा लावल्याची बातमी आली आणि नव्या नोंदण्या थांबल्या. जूनमध्ये गॅबॉनने जीए आपल्याकडे परत घेतले, जुलैमध्ये मालीने एमएल. लाखो नावे गेली. फुकट नावाच्या अटींतच लिहिलेले होते की नावाचा हक्कदार कंपनी, आपण फक्त वापरणारे. त्यामुळे भांडायला उभे राहायची जागाही नव्हती.

आता आयओ. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे हे लाडके आडनाव म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, चागोस बेटे. ती मॉरिशसला देण्याची घोषणा ब्रिटनने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केली आणि करारावर सह्या २२ मे २०२५ ला झाल्या. आडनाव टिकणार की जाणार हे बेटांच्या मालकीवर थेट ठरत नाही. ते आयएसओ या प्रमाणीकरण संस्थेच्या देश-संकेतांच्या यादीवर ठरते. प्रदेश म्हणून ‘आयओ’ ही अक्षरे त्या यादीतून निघाली, तर आयकॅनच्या, म्हणजे जगभरची डोमेन-व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या, नियमानुसार आडनाव गुंडाळण्याची नोटीस निघते. मुदत पाच वर्षे, वाढवून जास्तीत जास्त दहा. युगोस्लाव्हियाचे वायू ३० मार्च २०१० ला कायमचे बंद झाले. नेदरलँड्स अँटिलिसचे एएन २०१५ मध्ये गेले. उलट सोव्हिएत संघाचे एसयू, देश १९९१ मध्ये संपूनही, आजवर चालू आहे. त्यामुळे आयओवाल्यांनी घाबरून उद्या सकाळी नाव सोडायचे कारण नाही. पण दहा वर्षे टिकवायचा ब्रँड आज नव्याने त्यावर उभा करणे हे मात्र मला शहाणपणाचे वाटत नाही.

आडनाव शाबूत राहून आपली पात्रता जाऊ शकते, हा तिसरा प्रकार. ईयू हे युरोपीय संघातल्या रहिवाशांसाठी आणि नागरिकांसाठी. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या धारकांची नावे १ जानेवारी २०२१ ला निलंबित झाली आणि वर्षभराने रद्द. गंमत म्हणजे संघातून बाहेर पडा म्हणून हिरिरीने प्रचार करणाऱ्या एका संघटनेचे स्वतःचे संकेतस्थळच ईयूवर होते. हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. फ्रँकफुर्टमध्ये नोकरीला असलेला, भारतीय पासपोर्टवाला कार्यकर्ता तिथल्या मंडळासाठी स्वतःच्या नावावर ईयू घेऊ शकतो. तो नागपूरला परतला की पात्रता संपली. अमेरिकेच्या यूएस आडनावालाही तिथले नागरिकत्व, वास्तव्य किंवा ठोस संबंध लागतो. ऑस्ट्रेलियाच्या एयूला तिथले अस्तित्व लागते. परदेशातल्या मंडळांनी असे नाव सचिवाच्या नावावर न घेता नोंदणीकृत संस्थेच्या नावावर घ्यावे. कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते, हे सांगायला नको.

शॉप, ऑनलाइन, एक्सवायझेड अशा नव्या आडनावांना देश नसतो असे समजले जाते. देश असतो, फक्त अक्षरांत दिसत नाही. जिथे रजिस्ट्री नोंदलेली तिथला कायदा लागतो. ऑनलाइन, स्टोअर, टेक या आडनावांची रॅडिक्स ही रजिस्ट्री मुळात संयुक्त अरब अमिरातीत नोंदली गेली, तिचे कामकाज मुंबईतूनही चालत असले तरी. कॅटलान भाषेचे कॅट हे आडनाव बार्सिलोनाची संस्था चालवते. सप्टेंबर २०१७ मध्ये, कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या तोंडावर, स्पेनच्या पोलिसांनी तिच्या कार्यालयावर छापा घातला होता.

आणि एक चकवा आपल्याकडे खास खपतो: नेट डॉट इन आणि इन डॉट नेट. पहिले भारताच्या रजिस्ट्रीचे अधिकृत आडनाव. दुसरे म्हणजे कोणीतरी इन डॉट नेट हे डोमेन विकत घेऊन त्याच्या पोटात नावे विकायला काढलेली. त्यात वर अमेरिकेतली व्हेरिसाइन, मध्ये ती खासगी कंपनी आणि खाली आपण, पोटभाडेकरू. दर कमी दिसतो तो त्यामुळेच.

भांडण कोर्टाबाहेर मिटवायच्या पद्धतीतही हद्दीचा प्रश्न लपलेला आहे, आणि तो वकिलांच्याही नजरेतून निसटतो. कॉम, नेट, ऑर्ग आणि सगळ्या नव्या आडनावांना आयकॅनचे १९९९ चे डोमेन-तंटा धोरण लागू आहे. तक्रारदार बहुधा जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे जातो. एक ते पाच नावांसाठी एक सदस्याच्या निवाड्याची फी १,५०० डॉलर. आपल्याला उत्तराला २० दिवस मिळतात. मागितले तर चार दिवस आपोआप वाढवून मिळतात. तक्रारदाराने अर्जातच ‘परस्पर मान्य हद्द’ निवडायची असते. त्याला पर्याय दोनच: रजिस्ट्रारचे मुख्य कार्यालय जिथे आहे तिथले कोर्ट, किंवा नोंदणीत आपला जो पत्ता आहे तिथले. निवाडा विरुद्ध गेला तर १० कामकाजाच्या दिवसांत त्या निवडलेल्या ठिकाणी दावा दाखल करून त्याची प्रत रजिस्ट्रारला दिली, तरच हस्तांतर थांबते.

आता समजा, चिपळूणच्या एका आंबा-व्यापाऱ्याचे कॉम नाव अ‍ॅरिझोना राज्यातल्या रजिस्ट्रारकडे आहे. गोडॅडी आणि नेमचीप या दोन्ही मोठ्या विक्रेत्यांची मुख्य कार्यालये तिथेच आहेत. तक्रारदार अ‍ॅरिझोना निवडणार, उघडच आहे. दहा दिवसांत तिथे वकील गाठून दावा लावणे चिपळूणहून शक्य नाही, नाव गेले. तेच नाव भारतीय रजिस्ट्रारकडे असते तर दोन्ही पर्याय भारतातच पडले असते. व्हर्जिनियाचा दावा याने टळत नाही, पण असे तंटे बहुतेक वेळा त्या स्वस्त वाटेनेच येतात. म्हणून कॉम हवेच असेल तर रजिस्ट्रार भारतातला घ्या. वर्षाला शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी चालेल.

मात्र भारतातला म्हणजे नावाने भारतीय वाटणारा नव्हे. करारातला पक्ष कोण ते पाहावे. सोपी खूण पावतीवर असते: जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे. २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. ९९ ने सुरू होत असेल तर विक्रेता परदेशातून ऑनलाइन सेवा देणारा. शिवाय अटींमध्ये ‘लागू कायदा’ आणि ‘न्यायक्षेत्र’ अशी कलमे शेवटच्या पाना-दोन पानांत असतात. तेवढी तरी वाचावीत. विक्रेत्याच्या देशाचे राजकारण अंगावर येते ते याच कलमांतून. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर २८ फेब्रुवारी २०२२ रोजी नेमचीपने रशियातल्या ग्राहकांना नावे दुसरीकडे न्यायला सांगितले, पहिली मुदत जेमतेम आठवड्याची. त्या ग्राहकांतले कितीतरी स्वतः युद्धाच्या विरोधात असतील. नोंदणीतल्या पत्त्याला ते कळत नाही.

मग इन काय वेगळे देते? इनची वही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, सांभाळते आणि ते २००५ पासून सर्वांना खुले आहे. तंटा झाला तर भारतीय धोरणाखाली लवाद नेमला जातो, १९९६ चा लवाद कायदा लागतो. निवाडा कामकाज सुरू झाल्यापासून ६० दिवसांत, अपवादाने आणखी ३० दिवसांत यायला हवा. तो मान्य नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांत भारतीय कोर्टात जाता येते. दहा दिवसांची धावपळ नाही, व्हिसा नाही. पण एक फरक धारकाच्या विरोधात जातो. आयकॅनच्या धोरणात नाव दुष्ट हेतूने घेतले ‘आणि’ वापरले, असे दोन्ही दाखवावे लागते. भारतीय धोरणात घेतले ‘किंवा’ वापरले, एवढे पुरते. चांगल्या मनाने घेतलेले नाव पुढे स्पर्धकाची गिऱ्हाइके ओढायला वापरले तरी ते जाऊ शकते. शिवाय इनमध्ये नाव-पत्ता झाकणारी प्रॉक्सी नोंदणी चालत नाही. कोणी तशी करून देत असेल तर रद्द होण्याचे निमित्त तो आपल्याच हातात देतो.

इनवर भारत सरकारचा हात असतो, हा आक्षेप खरा आहे. पण भारतात बसून भारतीय वाचकांसाठी चालवलेल्या संकेतस्थळावर तो तसाही असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली कोणतेही आडनाव देशात अडवता येते. परदेशी आडनाव घेऊन आपण एका सरकारच्या हाताखालून सुटत नाही, दुसरे एक वर चढवून घेतो. सरकारवर टीका करणारी पत्रकारिता करणाऱ्यांनी परदेशातले नाव निवडण्यात अर्थ असू शकतो. त्यांनी ते वहीचा देश पाहून, ठरवून निवडावे. मिठाईच्या दुकानाला ते कारण लागू नाही.

देवनागरीतले डॉट भारत हेही निक्सीचेच, म्हणून हद्दीच्या दृष्टीने इनसारखेच. ते २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाले आणि मराठी, कोंकणी, हिंदी, सिंधीसह आठ भाषांना चालते. अडचण कायद्याची नाही, व्यवहाराची: अनेक अर्ज आणि ईमेल-प्रणाल्या देवनागरी पत्ता नाकारतात. ते नाव घ्यावे, अडवून ठेवावे, इनकडे वळवावे. छापील पाटीवर ते फार शोभते. बँकांना तर आता निवडच उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सगळ्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितले, आणि ती नावे हैदराबादची एकच संस्था देते. खातेदाराला पत्त्यावरून खरी बँक ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू.

इन घेतले म्हणजे कोर्ट आपल्या तालुक्यातलेच, असेही नाही. नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ च्या बनियन ट्री प्रकरणात म्हटले की संकेतस्थळ नुसते दिसते म्हणून हद्द मिळत नाही, तिथल्या गिऱ्हाइकाला मुद्दाम लक्ष्य केलेले असावे लागते. पण २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने कुस्तीच्या कार्यक्रमांच्या कंपनीने आणलेल्या खटल्यात ऑनलाइन विक्रीचा व्यवहार गिऱ्हाइकाच्या गावी पूर्ण होतो असे धरले. म्हणजे ‘भारतभर घरपोच’ लिहिले की दिल्लीचे समन्स येऊ शकते. डोमेन हे नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हासारखे आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफ विरुद्ध ‘रॅडिफ’ या प्रकरणात मानले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या निकालात कायम केले. तेव्हा नाव घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदवहीत शोध घ्यावा, तो फुकट आहे. नाव मोकळे असेल तर अर्जही करून टाकावा. ऑनलाइन अर्जाची फी प्रत्येक वर्गाला व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. महाराष्ट्र आणि गोवा या दोन्हींचे कार्यालय मुंबईच. परक्या कोर्टात किंवा लवादासमोर ‘हे नाव माझे’ म्हणताना नोंदणीचे प्रमाणपत्र आणि आधीपासूनच्या वापराचा पुरावा कामी येतो; नुसती अर्जाची पावती पुरत नाही.

खरेदीपूर्वीची तपासणी अर्ध्या तासाची आहे. आयआना या संस्थेच्या मूळ यादीत आडनाव शोधले की वही सांभाळणारी संस्था आणि तिचा देश दिसतो. त्या संस्थेच्या पानावर पात्रता, मजकुराविषयीच्या अटी आणि तंट्याची पद्धत वाचावी. अटींत ‘स्थानिक नैतिकता’ किंवा ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असे शब्द असतील तर तो देश कोणता हे पुन्हा एकदा पाहावे. मग विक्रेत्याची अटी-पाने. शेवटी नाव कोणाच्या नावावर चढते आहे ते. वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने सोयीसाठी स्वतःच्या नावावर घेतलेली डोमेन्स हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा घोळ आहे, आणि त्याला लिबिया किंवा व्हर्जिनिया लागत नाही. नोंदीत ज्याचे नाव तो धारक, पैसे कोणी दिले याला वहीत रकाना नाही.

ज्यांनी आधीच घेतले आहे त्यांनी आयकॅनच्या शोध-पानावर आपल्या नावाची नोंद उघडून स्थिती पाहावी. ‘क्लायंट होल्ड’ दिसले तर विक्रेत्याने थांबवले आहे, बहुधा पैसे किंवा ईमेलची पडताळणी राहिलेली असते. ‘सर्व्हर होल्ड’ म्हणजे थेट वहीवरून थांबवलेले. तिथे विक्रेत्याशी भांडून वेळ घालवू नये, आदेश कोणाचा आहे हे विचारून वकील गाठावा. विक्रेत्याच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही नसावा. डोमेन बंद पडले की तो ईमेलही बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा ज्या खोलीत येतो तिचीच किल्ली आत राहते. नूतनीकरण पाच वर्षांचे एकदम करावे, आणि दुसऱ्या देशातल्या वहीत एक पर्यायी नाव चालू ठेवावे: मुख्य इन तर राखीव कॉम, किंवा उलट.

आयओ, एलवाय यांसारख्या नावावर ज्यांचा चालू धंदा आहे, त्यांनी आज नवे नाव घेऊन जुन्यावरून कायमस्वरूपी वळवणी लावावी. पुढचे किमान वर्षभर जुने नाव सोडू नये; शोधयंत्रे, जुनी व्हिजिटिंग कार्डे आणि बँकेत दिलेला ईमेल हळूहळूच बदलतात. सोडलेले नाव पुढे दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि त्या पत्त्यावर येणारे आपले ईमेल मग त्याच्या खात्यात पडतात. पत्ता बदलल्याचे बँक, जीएसटी पोर्टल आणि आयकर खात्याला कळवून होईपर्यंत जुन्याचे पैसे भरत राहावेत.

आपला,
डोमेन नोंदणी आणि सायबर कायद्याच्या क्षेत्रातला एक वाचक
पुणे